खांद्यावरची बोटं

“हात काढू नको. राहू दे तसाच खांद्यावर. आणि हनुवटी वर कर की जरा! चंद्रावर बसलीयस तू, मशीनवर न्हवं!”

तीस वर्षांपूर्वीचा हा आवाज, महेश्वरीचा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला. पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर ती आणि वच्छला बसल्या होत्या, मागं निळं रंगवलेलं आभाळ होतं आणि फोटोवाला “ताई, सरका, जवळ सरका” म्हणून ओरडत होता. त्याला काय ठाऊक, कुणाला जवळ सरकायला सांगतोय ते.

तो आवाज आज वच्छलाच्या कानात परत वाजला, कारण समोर गुडघ्यावर बसलेल्या पोरीनं डोळ्याला कॅमेरा लावून नेमकं तेच म्हटलं होतं. “मावशी, हनुवटी थोडी वर घ्या ना.”

वच्छलानं हनुवटी वर घ्यायची सोडून मानच खाली घातली.

“चेहरा नगं गं पोरी. हाताचा काढ. हात लई कामाचे हायत माझे.”

भवानी पेठेतली ती दीड खोली. भिंतीला लागून शिलाई मशीन, मशीनशेजारी शाळेच्या शर्टांच्या कॉलरींचा ढीग. खिडकीतून येणारं दुपारचं ऊन त्या पांढऱ्या ढिगावर पडून वर छताला उजेड मारत होतं. सोलापुरात शिवलेले गणवेश कुठल्या कुठल्या गावच्या लेकरांच्या अंगावर जातात. त्यातल्या किती कॉलरींना वच्छलाचा हात लागला असेल, हे तिलाही सांगता आलं नसतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं. नवीन कामाला लागली तेव्हा मशीनची सुई बोटातून आरपार गेली होती. बोट बरं झालं, नख काही परत एक झालं नाही.

अंकितानं कॅमेरा खाली घेतला. ती कुर्डुवाडीची, वडील रेल्वेत. केस पोरासारखे कापलेले, पायात बूट. तिनं आणि तिच्या तिघा मित्रांनी मिळून एक प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. येत्या रविवारपासून तीन दिवस, इथंच, सोलापुरात. बाईवर जीव लावलेल्या बाया, पुरुषाबरोबर संसार मांडलेले पुरुष, देह एक आणि मन दुसरं घेऊन जन्माला आलेली माणसं. त्यांचे फोटो आणि खाली त्यांच्याच तोंडच्या दोन गोष्टी.

“मुंबई-पुण्याच्या लोकांचे फोटो पेपरात येतात, मावशी. आपल्या मंद्रूपचे, अक्कलकोटचे कुठं येतात? लोकांना वाटतं, असली माणसं हिकडं जन्मतच नाहीत.”

“जन्मत्यात की,” वच्छला म्हणाली. “मरत्यात बी.”

अंकितानं मग तिला बाकीचे फोटो दाखवले. वर्कशॉपातला एक फिटर, पाठमोरा, शर्टावर तेलाचे डाग. छत्रीआड चेहरा लपवलेला एक मास्तर. आणि एका तेलुगू विणकराच्या घरातली पोरगी. ही मुलगा म्हणून जन्मली होती. आता मागावर हात ठेवून, नाकात चमकी घालून, बघणाऱ्याच्या थेट डोळ्यांत बघत होती.

“हिला भ्या वाटलं न्हाई?”

“वाटलं की. फोटो काढून झाल्यावर अर्धा तास रडली. मग म्हणाली, दुसरा काढ, पहिल्यात केस विस्कटलेत.”

वच्छलाला हसू आलं. तिला आठवलं, महेश्वरी असती तर असंच म्हणाली असती.

महेश्वरी कारखान्यात कापड कापायची. बाकीच्या बाया शिवायला, ही एकटी कातरीला. जाडजूड थर लावून वरच्या कापडावर निळ्या खडूनं रेघ मारायची आणि एका दमात कातर चालवायची. सगळे तिला ‘अक्का’ म्हणायचे, म्हणून वच्छलाही चारचौघांत अक्काच म्हणायची. घराची कडी लावली की ‘मही’ म्हणायची. लग्न मोडून मंद्रूपहून आलेली वच्छला पहिल्या दिवशी कॉलर उलटी लावून रडत बसली, तेव्हा महेश्वरीनं ती उसवून दिली होती. “रडतीस काय? उसवता येतं ते शिवणं. उसवता येत नाही ते नशीब. हे शिवणं आहे.” त्या उसवण्यापासून जे सुरू झालं ते तीस वर्षं टिकलं. बघणाऱ्यांनी काय बघितलं? दोन एकट्या बाया भाडं वाटून राहतात, एवढंच. घरमालकानं तेच बघितलं, गल्लीनं तेच बघितलं, आणि दोघींनी दाखवलंही तेवढंच.

मंद्रूपला असताना वच्छलाची आई जात्यावर म्हणायची, ते वच्छला मशीनवर गुणगुणायची:

एकच खुंटा बाई, त्याला दोघींचे हात
सांगा गं ओळखून, पीठ कुणाचं कुणात

महेश्वरी खडू कानामागं खोचून म्हणायची, “पिठाचं ठीक. पण भाकरी तू जाळलीस ती तुझीच.”

अंकिताची नि त्यांची ओळखही महेश्वरीनंच काढली होती. दोन वर्षांपूर्वी ही पोरगी कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा शिवून घ्यायला आली. महेश्वरीनं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पट्टा हातात देताना म्हणाली, “तू आमच्यातलीच दिसतीस की.” अंकिता लालबुंद झाली होती. वच्छला तर आतल्या खोलीत पळाली होती. अक्का, काय बोलताय! पण महेश्वरी ती महेश्वरीच. तिचा सगळा धीर जिभेवर होता. वच्छलाच्या वाट्याला फक्त हात आले होते.

“मावशी,” अंकिता म्हणाली, “हाताचा तर हाताचा. पण अक्कांचा एखादा फोटो हातात धरा की. एवढं चालेल?”

वच्छलानं दोऱ्याचं रीळ उचललं, परत ठेवलं.

“न्हाय माझ्याकडं.”

“एकसुद्धा?”

“एकच हुता. चंद्रावरचा. गुरुलिंग घिऊन गेला, फ्रेम करायला. तिच्या भावाचा पोरगा.”

“मग आणू या की. मी येते बरोबर. बाळीवेशीतच राहतात ना?”

वच्छलानं कॉलरींचा ढीग नीट लावायला घेतला. पोरीला वाटलं, लाज. लाज होतीच. पण तिच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

गेल्या मार्गशीर्षात महेश्वरीच्या छातीत कळ आली. रिक्षात घालून वच्छलानंच दवाखान्यात नेलं. आत खाटेवर नळ्या लावलेली महेश्वरी, दार अर्धवट उघडं, आणि दाराशी कागद घेऊन उभी असलेली नर्स. तेवढ्यात गुरुलिंग पोचला. बायको, दोन मेहुणे, सगळे. नर्सनं विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

साधा प्रश्न. रेशनच्या रांगेत विचारतात तसा. वच्छलाच्या तोंडात तीस वर्षं आली. पण गुरुलिंग बघत होता, मेहुणे बघत होते, आणि तिच्या तोंडून निघालं, “शेजारीण.”

“मग बाहेर थांबा. घरच्यांनीच आत या.”

दार लागता लागता वच्छलाला दिसलं. महेश्वरीचे डोळे उघडे होते. मान दाराकडं वळलेली होती. चादरीवरची तिची बोटं कापड चाचपडतात तशी हलत होती. खडू शोधत असावीत, नाहीतर हात. दार लागलं. ते उघडलं तेव्हा महेश्वरी नव्हती.

लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून समाधी दिली. नात्यातल्या बायकांनी एकेक बेलाचं पान वाहिलं. वच्छला शेजारणींच्या घोळक्यात मागं उभी होती. आपणच सांगितलं होतं ना, शेजारीण. मग पान कुठलं?

दहा महिने झाले. गुरुलिंगच्या घराची पायरी ती चढली नव्हती.

“चल,” ती अचानक उठली. पदर खोचला, कॉलरींवर फडकं टाकलं. “आत्ताच चल. उद्या माझा धीर व्हायचा न्हाय.”

बाळीवेशीतलं घर खाली दुकान, वर बिऱ्हाड असं. अंकिताच्या स्कूटरवरून उतरून वच्छला जिना चढली तेव्हा तिच्या गुडघ्यांतून मशीनच्या पट्ट्यासारखा आवाज येत होता.

दार गुरुलिंगनं उघडलं. चाळिशीचा, कपाळावर विभूती, दुकानातून जेवायला वर आलेला.

“मावशी? तुम्ही? या की, या. बरंय ना?” मग त्याची नजर अंकिताच्या केसांवर गेली, तिथून कॅमेऱ्यावर. “ह्या कोण?”

“वळखीची हाय. कुर्डुवाडीची.”

आतल्या दिवाणावर काशम्मा बसली होती. गुरुलिंगची आई, महेश्वरीची वहिनी. वय ऐंशीच्या घरात, डोळ्यांवर जाड चष्मा, मांडीवर सुपात निवडायला घेतलेली तूरडाळ. तिनं वच्छलाकडं टक लावून बघितलं आणि कानडीत म्हणाली, “बा, बा. कूत्को.” ये, बस. मग डाळीत परत हात घातला.

वच्छला बसली नाही. तिची नजर भिंतीवर गेली होती.

तिथं महेश्वरी होती. मोठ्ठी केलेली. चंदनाच्या हारातली. पुठ्ठ्याचा चंद्र गेला होता, आभाळ गेलं होतं, मागं गुळगुळीत निळा रंग भरला होता. कपाळावर स्टुडिओवाल्यानं तीन पट्टे विभूतीचे काढले होते. पण हसू तेच. ते हसू कुणाकडं बघून आलं होतं ते एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस फोटोतून कापलेलं होतं.

चहा आला. गुरुलिंगनं विचारलं, “काय काम काढलंत?”

“मूळ फोटो पायजे हुता. आमचा… अक्काचा. तुमी घिऊन गेला हुता तो.”

“तो होय?” गुरुलिंगनं मान खाजवली. “अहो, तो स्टुडिओतच राहिला की काय. नंतर विचारलं तर सापडंना म्हणाले. जुनाट होता, कोपरे फाटलेले. राग मानू नका, मावशी. सांगायचं राहूनच गेलं.”

राहूनच गेलं. वच्छलानं ते शब्द गिळले. तीस वर्षांचा एकुलता एक कागद. तिनं कप खाली ठेवला, नाहीतर सांडला असता.

अंकिता मात्र फ्रेमजवळ गेली होती. तिनं मान तिरकी केली, आणखी जवळ गेली.

“मावशी, इकडं या.”

“काय गं?”

“या तर.”

महेश्वरीच्या डाव्या खांद्यावर, पदराच्या काठाला लागून, चार बोटं होती. मनगट नव्हतं, हात नव्हता. काठाचाच वेलबुट्टीचा भाग वाटावीत अशी चार बोटं, निळ्या रंगातून आलेली. फोटो मोठा केला होता म्हणून तीही मोठी झाली होती. त्यातल्या पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

वच्छलानं आपला उजवा हात पदराखाली लपवला. चोरी पकडली जावी तसा.

“अरे, हे काय राहिलं इथं?” गुरुलिंग पुढं झाला. “बघा, दहा महिने झाले, कुणाच्या ध्यानातच नाही. स्टुडिओवाल्याला म्हणलं होतं, नीट काप. उद्याच नेऊन पुसून आणतो.”

“इरली,” मागून आवाज आला.

काशम्मानं डाळीतून मान वर केली नव्हती.

“काय म्हणलं, आई?”

“इरली म्हणलं. राहू दे.” तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. “स्टुडिओतल्या त्या पोरानं तवाच विचारलं होतं. ‘आज्जी, ही बोटं कुणाचीयत, पुसू का?’ तू फोनवर बोलत बाहेर उभा होतास. मीच म्हणलं, इरली.”

“पण का?”

म्हातारीनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. मग म्हणाली, “माझं लग्न झालं तेव्हा महेश्वरी फ्रॉकमधी होती. तिच्या वेण्या मी घातल्यात. माणूस काय सगळंच बोलून दाखवतंय होय रे?”

वच्छलाला वाटलं, या बाईला केव्हापासून माहीत होतं? दर दिवाळीला ही दोन डबे पाठवायची, एक नाही, दोन. आणि आपण म्हणायचो, काशम्मा मोजायला चुकते.

“आजी,” अंकिता हळूच म्हणाली, “मूळ फोटो नाही तर ह्या फ्रेमशेजारी मावशींचा एक फोटो काढू का? आमचं प्रदर्शन आहे.” आणि तिनं सांगितलं. काही लपवलं नाही.

गुरुलिंगचा चेहरा ऐकता ऐकता बदलत गेला. तो वाईट माणूस नव्हता. आत्याच्या दवाखान्याचं, समाधीचं सगळं त्यानंच केलं होतं. पण आता त्याचा हात दाराच्या कडीवर गेला, जिन्यावर कुणी ऐकत नाही ना बघायला.

“काय बोलायलाय तुम्ही! माझ्या लेकीचं, ऋतुजाचं स्थळ बघायलोय मी. परवा पाहुणे येणार आहेत. आत्याचा फोटो असल्या… असल्या ठिकाणी? आणि ती तर आता नाही. तिला विचारलंत?”

हा वार बरोबर जागी बसला. वच्छलालाही रात्रंदिवस तेच खात होतं. तिला विचारायचं राहिलं. जिवंत होती तोवर विचारलं नाही, आता कुणाला विचारणार?

“आणि मावशी,” गुरुलिंगचा आवाज खाली आला, जवळजवळ विनवणीचा झाला, “तुम्ही स्वतःच तर सांगितलं होतं दवाखान्यात. शेजारीण म्हणून. मी होतो की तिथं. मग आता हे काय नवीन?”

अंकितानं वच्छलाकडं बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं. तिच्या नजरेत काय आलं ते वच्छलानं बघितलं नाही. ती फ्रेमकडंच बघत होती, त्या चार बोटांकडं. हात काढू नको, मही म्हणाली होती. जत्रेत, शंभर माणसांच्या देखत. फोटोवाल्याच्या देखत. तिला विचारायचं राहिलं नव्हतं. तिनं सांगून ठेवलं होतं. हात काढला होता तो आपणच.

“पोरी, कॅमेरा काढ,” वच्छला म्हणाली.

“ह्या घरात नाही!” गुरुलिंग म्हणाला.

“गुरु,” काशम्मा म्हणाली, “तिला खुर्ची दे.”

“आई!”

“उभी राहिलीय बाई केव्हाची. खुर्ची दे म्हणलं.”

गुरुलिंगनं खुर्ची ओढून फ्रेमखाली ठेवली, आणि पाठ करून दाराशी जाऊन उभा राहिला. “आमच्यातलं कुणी येणार नाही बघायला,” एवढं बोलला. जिन्याकडं बघत.

“नगा येऊ,” वच्छला म्हणाली. त्यात राग नव्हता.

ती खुर्चीवर बसली नाही. खुर्चीला धरून उभी राहिली. पदर नीट केला. मग उजवा हात उचलून फ्रेमच्या काचेवर ठेवला, त्या चार बोटांवर चार बोटं. काच गार होती. खालची बोटं तीस वर्षांनी लहान होती, वरची सुरकुतलेली. नख दोन्हींचं सारखंच दुभंगलेलं.

अंकितानं डोळ्याला कॅमेरा लावला. हनुवटी वर घ्या असं तिला या खेपेला सांगावं लागलं नाही.

एक, दोन, तीन वेळा खटका वाजला. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी वर आली आणि विरून गेली. काशम्माच्या सुपातला हात थांबलेला होता.

अंकितानं कॅमेरा गळ्यात सोडला, खिशातून वही काढली.

“मावशी, फोटोखाली लिहायला लागतं. नाव, गाव, काम.” ती अडखळली. मग विचारलंच, “आणि तुम्ही अक्कांच्या कोण?”

तोच प्रश्न. दार अर्धवट उघडं, गुरुलिंग दाराशी, आणि महेश्वरीची मान वळलेली. फक्त या वेळी दार कुणी लावत नव्हतं.

“लिही. वच्छला. मंद्रूपची. पोरांचे गणवेश शिवते.”

अंकितानं लिहिलं. वाट बघितली.

वच्छलानं काचेवरचा हात काढला नाही. ती अंकिताशी बोलत नव्हती, गुरुलिंगशीही नाही. “त्या दिवशी मी खोटं बोलले. शेजारीण म्हणले. भ्यायले गं, मही. तू ऐकलंस, मला म्हाईत हाय तू ऐकलंस.”

“मावशी…” दाराशी उभ्या गुरुलिंगनं मान वळवली. या घरात न उच्चारलेलं नाव त्यानं पहिल्यांदा ऐकलं.

“आता हे बी ऐक, मही. म्या तुझी शेजारीण न्हवते. तुझी घरची हाय म्या.”